नको म्हणायला कारण लागते

९ एप्रिल २०१३

हर्षिता माझ्या ग्लासातून पाणी प्याली. झालं! घरात नुसता कल्ला.

मोहफुलं वेचून आलो होतो. ग्लास ओट्यावर ठेवून हातपाय धूत होतो. हर्षिता म्हणजे मामाची पोरगी — आठ वर्षांची, तिला काय कळते! खेळून आली, तहान लागली, समोर दिसला तो ग्लास उचलला आणि गटागटा प्याली. मामी चुलीपासून धावत आली. हर्षिताच्या गालावर अशी बसली की पोरगी रडायचंच विसरली. मग मामीनंच तिला पोटाशी धरलं, घशात बोट घालून ओकायला लावलं, मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझा ग्लास हिरवा आहे, प्लास्टिकचा. ताट जर्मनचं, काठाला चेपलेलं. दोन्ही न्हाणीबाहेरच्या फळीवर राहतात. घासायचा साबण पण वेगळा. बाबा आधी गेले, मग आई गेली, मामा मला इथं घेऊन आला — तेव्हापासून असंच. त्या दोघांना जे होतं ते मला जन्मापासून आहे. एचआयव्ही. लिहिताना पण इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही ना म्हणून! मामानं गावाला सांगून ठेवलंय — भाच्याले सिकलसेल आहे, म्हणून दर महिन्याले गोंदियाले जाते. हा रक्तातला आजार आमच्या भागात खूप. सिकलसेल म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

गोंदियाला जिथं माझ्या गोळ्या मिळतात, त्या सेंटरच्या मॅडमनी मामा-मामीला समोर बसवून सांगितलं होतं — उष्ट्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. मामानं मान हलवली. मामीनं पण हलवली. घरी आलो तर ग्लास फळीवरच.

मामी वाईट नाही. हाच तर वांधा आहे! वाईट असती तर मी भांडलो असतो. दुधावरची साय माझ्याच भातावर टाकते. फक्त वरून टाकते, चमचा लागू देत नाही.

१० एप्रिल

हर्षिता विचारते — दादा, तुयाच ग्लास हिरवा काऊन? म्हटलं, मी पोपट आहे म्हणून. खूप हसली. गाल अजून लाल आहे तिचा.

१७ एप्रिल

संध्याकाळी बोडीवर. शेतातलं ते लहान तळं — ह्या दिवसांत तळाला चिखल तेवढा राहतो. पारीवर, म्हणजे त्याच्या बांधावर, आम्ही तिघं. मी, ओमेश्वर, संघदीप. ओमेश्वर आमच्याच पवार जातीतला. बारावी नापास झाला, आता बापाची मोटरसायकल फिरवतो. संघदीप बुद्धविहाराजवळ राहतो, माझ्या वर्गात आहे. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून.

मोहाची होती. मुन्नालालच्या भट्टीची, पहिल्या धारेची. आणि ग्लास एकच! स्टीलचा, ओमेश्वरच्या घरचा, वर त्याच्या आज्याचं नाव कोरलेलं. आधी ओमेश्वर पितो, मग संघदीप, शेवटी मी. दर वेळी असंच. "शेवटचा घोट भाच्याचा," ओमेश्वर म्हणतो. आमच्या पवारांत भाच्याचा मान मोठा, मामाच्या गावात तर सारेच मामा! लग्नाकार्यात पाय धुतात भाच्याचे. म्हणून शेवटचा, सगळ्यात मोठा घोट माझा.

दारू मला आवडत नाही. खरं सांगतो, अजिबात नाही. वासानं मळमळते, घसा जळतो, नाकातून पाणी येते. पण तो ग्लास! त्याला त्यांचे ओठ लागतात, मग माझे लागतात. कोणी धावत येत नाही. कोणी मिठाचं पाणी आणत नाही. घरी पाणी वेगळं, इथं दारू एक. मग मी कुठं बसावं? सांगा!

आठला मोबाइल वाजला. संध्याकाळच्या गोळीची वेळ, रोज वाजतो. मी सांगून ठेवलंय, मामाला फोन करायचा असतो म्हणून. "जा बे, तुयं काम करून ये," ओमेश्वर म्हणाला. पळसामागं गेलो, खिशातली गोळी काढली, थुंकीनंच गिळली. मोठ्यानं "हो मामा, येतो मामा" म्हणालो. परत आलो तर ओमेश्वर ग्लास मातीनं घासून चिखलाशेजारच्या पाण्यात धूत होता. रोज घासतो, चांगला खसखसून. त्याच्या मायचं नाक तिखट आहे, वास जाऊ नये म्हणून.

२४ मे

गोंदियाला जाऊन आलो. आमगाववरून पॅसेंजर, उभ्यानं. गाडीत ऊन, सेंटरमध्ये रांग.

आज मोठ्या पोरापोरींना वेगळं बसवलं. रविता मॅडम — समुपदेशन करतात, आईच्या वेळेपासून मला ओळखतात — त्यांनी दार लावलं आणि सरळच विचारलं, "कोण कोण घेते? दारू, गांजा, काही पण. मी कोणाच्या घरी सांगणार नाही." सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी पण. पंखा बंद होता!

मग एक पोरगा बोलला. ईश्वरदास नाव, चिचगडच्या जंगलातल्या एका गावाचा, पहाटेच्या गाडीनं येतो. म्हणाला, "मॅडम, आमच्या इकडे जन्माले मोहाची, मरणाले मोहाची, देवाच्या पुढं बी मोहाचीच. घेतली तं कोणी काही विचारत नाही. नाही घेतली तं विचारते, काऊन नाही घेत? नको म्हणायले कारण लागते मॅडम. अन् आमच्याजवळ जे कारण आहे ते सांगता येत नाही."

 माझ्या मनातलं ह्यानं कुठून काढलं!

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खरं आहे तुझं. पण गोळी लिव्हरवर पडते आणि दारू पण लिव्हरवरच पडते. पिऊन झोपलात, गोळी बुडाली, की ती हळूहळू लागू पडेनाशी होते. पित्त आहे सांगा. उपास आहे सांगा." ईश्वरदास म्हणाला, "रोज उपास?" सगळे हसले. मॅडम पण हसल्या.

बाहेर आल्यावर स्टेशनवर त्यानं समोसा घेतला, अर्धा मोडून मला दिला. तो देवरीची एसटी धरायला गेला आणि मी आमगावची गाडी.

११ जून

उपास करून पाहिला! म्हणजे बोडीवर सांगून पाहिला.

ओमेश्वर — "कायचा उपास बे? सोळा सोमवार धरले का? मंगळवार आहे आज!"

म्हटलं, पित्त झालं.

"मंग तं घेच. पित्तावर मोहाच्या वरतं औषध नाही."

म्हटलं, गोळ्या चालू आहेत ना.

"सिकलच्याच ना? सिकलवाल्याले तं उलट चालते. हाडं दुखणं थांबते."

 मामानं लबाडी शोधली ती पण अशी, की तिच्यात दारू चालते. दुसरा रोग नव्हता का सांगायला?

संघदीप इतका वेळ काडीनं दात कोरत बसला होता. म्हणाला, "नसन पिवाची तं नको पिऊ ना. कारण कायले देऊन राहिला?" आणि माझ्याकडे बघितलं. सरळ. मी घाबरलो. असा काऊन बोलला? असा काऊन बघितला? संशय आला का? मग काय करणार — ग्लास आला तेव्हा शेवटचा घोट तर घेतलाच, वरून बाटलीतली उरलेली पण संपवली. चांगला हसलो, गाणं म्हटलं, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. संशय गेला असावा.

१२ जून

दिवसभर डोकं ठणकत होतं. सकाळची गोळी ओकून पडली. दुसरी घेऊ की नको, कोणाला विचारू?

२८ जून

पुस्तकं आणायला तिघं आमगावला गेलो होतो. बाजारातल्या टपरीवर चहा घेतला, कागदी कपात. संघदीप कप हातात फिरवत म्हणाला, "हा कागदाचा कप निघाला तो बरा झाला. माझा आजा ज्या हाटेलात चहा पिये, तिथं त्याचा कप बाहेर खुटीले टांगला राहे. कान तुटलेला. स्वतःच धुवाचा, स्वतःच टांगाचा. एक दिवस त्यानं तो कप गोट्यावर फोडला. घरी आला अन् मरेपर्यंत बाहेरचा चहा प्याला नाही."

हसत हसतच सांगितलं. ओमेश्वर खाली बघायला लागला. अशा गोष्टी निघाल्या की आम्ही पवारांची पोरं खालीच बघतो.

 माझा पण एक ग्लास आहे संघदीप, हिरवा — अगदी ओठावर आलं होतं. ओमेश्वरनं क्रिकेटचं काढलं आणि राहून गेलं. बरंच झालं! नाही तर काय झालं असतं? त्याचा आजा कप फोडून चालता झाला. मी ग्लास फोडला तर दुसरा हिरवाच येईल. आणि जाऊ कुठं? जायला घर पाहिजे ना.

१९ जुलै

धानाचे रोवणे सुरू आहेत. दिवसभर चिखलात वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. बांधीवरच गडीमाणसांसोबत घेतली, मग बोडीवर घेतली. आठला मोबाइल वाजला, बंद केला, तिथंच पारीवर लवंडलो. संघदीपनं हलवून उठवलं. "ऊठ. तुयं काम करून ये." मी म्हटलं, जाऊ दे बे. त्यानं बखोट धरून उभं केलं आणि पळसाकडं ढकललं. ह्याला माझ्या मामाच्या फोनची एवढी कायची पडली!

घरी गेलो तर मामा ओट्यावर. जवळ बोलावलं, वास घेतला.

"पिऊन राहिला?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

"गेल्या दिवाळीच्या मंडईपासून."

मामा माझ्यावर हात उचलत नाही. बहिणीचं पोर, त्यात भाचा! हात उचलला असता तर सुटलो असतो. तो नुसता डोकं धरून बसला. म्हणाला, "डॉक्टरनं एवढं बजावलं अन् तू ढोसून राहिला? घरी बसत जा ना संध्याकाळी. घरात तुले काय कमी आहे?"

मी फळीकडे बघितलं. मामानं पण बघितलं. हिरवा ग्लास उपडा होता, पाणी निथळत होतं. मामा उठला आणि बैलांना चारा टाकायला गेला. चारा मी सकाळीच टाकला होता.

२३ ऑगस्ट

सेंटरला गेलो. ईश्वरदास नव्हता. मागच्या महिन्यात पण नव्हता. पोरं म्हणाली, रोवण्यात अडकला असेल.

माझं रक्त घेतलं. रिपोर्ट पुढच्या वेळी.

६ सप्टेंबर

आज मारबत. पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी सगळी पोरं घराघरातून पळसाच्या फांद्या घेऊन निघतात, गावाची इडापिडा ओढत नेऊन शिवेबाहेर फेकतात. एक ओरडतो, बाकीचे साथ देतात. लहानपणापासून मला हा दिवस आवडतो. रोग असा ओरडून जात असता तर!

"खासी-खोकला घेऊन जाय गे, मारबत!"

"ढेकूण-मोंगसा घेऊन जाय गे, मारबत!"

पोरं दरवर्षी नवीन जोडतात. महागाई घेऊन जाय, लोडशेडिंग घेऊन जाय. हसत हसत शिवेजवळ आलो आणि मागून एक पोरगा ओरडला — "एड्स घेऊन जाय गे, मारबत!"

सगळ्यांनी साथ दिली नाही. एवढं मला आठवते. अर्ध्या पोरांचा आवाज आला आणि अर्ध्यांचा आलाच नाही. दोघाचौघांनी माझ्याकडं बघितलं. की मला तसं वाटलं? माझे कान तापले होते. मी तोंड मोठं करून ओरडलो, सगळ्यांपेक्षा जोरात — "घेऊन जाय गे, मारबत!"

ओमेश्वरनं मागं जाऊन त्या पोराच्या टाळक्यात ठेवून दिली. म्हणाला, फांदी आपल्या डोळ्यात गेली म्हणून. संघदीप माझ्या बाजूनं चालत होता. शिवेवर फांदी फेकली आणि माझ्या हातातली पण घेऊन त्यानंच फेकली.

आज संध्याकाळी किती प्यालो ते माहीत नाही. आठची गोळी घेतली की नाही तेही माहीत नाही.

२० सप्टेंबर

रिपोर्ट आला. रोगाशी लढणाऱ्या पेशी मागच्या वर्षीच्या निम्म्या पण नाहीत!

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बुडतात का?" नाही म्हणालो. "दारू?" नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ भुवनेश्वर, असंच चाललं तर ह्या गोळ्या बंद करून पुढच्या द्याव्या लागतील. त्यासाठी नागपूरला पाठवावं लागेल. त्या पण अशाच घेतल्यास तर माझ्याकडं द्यायला काही उरत नाही."

मग रविता मॅडमकडं. मी विचारलं, ईश्वरदास आला का? त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या, "ईश्वरदास गेला रे. कावीळ झाली होती. गोळ्या त्याच्याही आधीच सोडल्या होत्या त्यानं." मग माझ्याकडं वळल्या. डोळे भरले होते, आवाज मात्र चढला. "तुझी आई माझ्यासमोर गेली. तुला मी सोडणार नाही, लक्षात ठेव! पुढच्या महिन्यात मामाला घेऊन ये."

स्टेशनवर समोसेवाला होता. पुढं निघून गेलो.

२१ सप्टेंबर

सोडली. आजपासून सोडली. बोडीवर जाणारच नाही.

२३ सप्टेंबर

घरीच. ओमेश्वर मोटरसायकलवर येऊन हॉर्न मारून गेला. मामी म्हणाली, बाबू झोपला आहे.

२६ सप्टेंबर

घरीच. हर्षिताला पाढे शिकवले. मामीनं चहा दिला — हिरव्या ग्लासात वरून ओतून. हर्षिता जवळ सरकली की मामी म्हणते, दूर बस, दादाले अभ्यास करू दे.

१ ऑक्टोबर

ओमेश्वर वाटेत भेटला. "काय बे भाचे, रागावला का? का मोठा झाला तू?" म्हटलं, अभ्यास. "अभ्यास! आमच्याच संगतीनं नापास होशीन ना मंग, ये आज."

 घरात सगळे आहेत आणि कोणीच नाही. मामा समोर बसतो, बोलत नाही. भिंतीशी तरी किती बोलायचं! पिलो तर मरीन. नाही पिलो तर ह्या फळीसमोर बसून राहीन. ईश्वरदास, तू सांगून गेला लेका, पण उत्तर सांगून नाही गेलास.

४ ऑक्टोबर

गेलो बोडीवर. ग्लास फिरला. शेवटचा घोट भाच्याचा.

दोघांनी कुठं होतास म्हणून पण विचारलं नाही. संघदीपनं फक्त जागा दिली बसायला. रडू आलं मला. पित्त म्हणालो.

१८ ऑक्टोबर

मामाला सेंटरला नेलं नाही. शेतात कापणी आहे म्हणून सांगितलं. मॅडमनी गोळ्या दिल्या आणि बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

५ नोव्हेंबर

भाऊबीज. हर्षितानं ओवाळलं. टिळा लावला, अक्षता टाकल्या. मग पेढा माझ्या हातावर ठेवला. वरून, हात न लागू देता. गेल्या वर्षी तोंडात कोंबला होता आणि हसली होती.

शिकली पोरगी.

१० नोव्हेंबर

उद्या आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. घर पाव्हण्यांनी भरलंय. शाळेच्या मैदानात नाटकाचा मंच बांधून झाला, पाळणा आला, जिलेबीची कढई लागली. मंडईत जो पीत नाही त्याच्याकडे लोक असे बघतात की जणू त्याच्या घरी सुतक आहे. गेल्या मंडईला पहिला घोट घेतला होता मी. ओमेश्वरनंच बोलावलं होतं, एकटा काऊन उभा आहेस म्हणून.

खूप विचार केला. दारूला कोणी कारण विचारत नाही, गोळीला विचारतात. मग सोडायची ती गोळीच सोडावी ना! पळसामागं जाणं नको, "हो मामा, येतो मामा" नको. उद्या मोबाइल बंदच ठेवतो. वाजलाच नाही तर मी तरी काय करणार? एक दिवस. मग बघू.

खिशात गोळी आहे ती असू दे.

११ नोव्हेंबर

मोबाइल बंद होता. मंडईतून निघून बोडीवर बसलो. नाटकाचा भोंगा इथवर ऐकू येत होता. ओमेश्वर प्याला, संघदीपच्या हातात ग्लास होता. त्यानं तो तोंडाला लावला नाही. म्हणाला, "आठ वाजून गेले. तुया मोबाइल नाही वाजला आज. गोळी घेतली का?"

गोळी म्हणाला तो. फोन नाही म्हणाला.

ओमेश्वर दचकला नाही. मातीत रेघा ओढत राहिला. मी म्हटलं, कायची गोळी? "राहू दे ना बे," संघदीप म्हणाला. "तू इथं राहाले आला तवाचंच माहीत आहे. गावाले माहीत आहे. पवारांत कोणाले सिकल असते का एवढी?"

"मंग मले काऊन पाजत होते?"

"तू मांगत होता," ओमेश्वर म्हणाला. मान खालीच. "नाही दिली असती तं तुले वाटलं असतं, मले वेगळं काढलं. मनून तं शेवटचा घोट —" त्यानं मातीतली रेघ पायानं पुसली. मग मला तो मातीनं खसखसून घासलेला ग्लास दिसला. रोजचा, माझ्यानंतर कोणाचेच ओठ न लागलेला. मान कसला आणि भाचा कसला! असा राग आला, दोघांचा, मामाचा, गावाचा, माझा — ग्लास बोडीत फेकून द्यावा वाटला.

संघदीपनं त्यातली दारू गवतात ओतली. बाटलीतलं पाणी भरून माझ्यापुढं धरलं. मी गोळी काढली, पळसामागं न जाता, दोघांच्या समोर घेतली. अर्धं पाणी उरलं. संघदीपनं माझ्या हातातून ग्लास घेतला आणि ते उरलेलं पिऊन टाकलं. ओमेश्वर नाही प्याला. पण उठून गेला पण नाही.

उद्या नको म्हणायला कारण लागणार नाही.